उलटी खुर्ची, डावा अंगठा

ता. १२ जानेवारी

चि. खुंटीस आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, आणि त्यातली तीन माझ्या एका गाठीवर. पार्सलची सुतळी वाटेतच सुटली, आत्याची गाठ आजवर कात्रीशिवाय कधी सुटली नाही, तेव्हा खरं काय ते सांग म्हणतेस. बाई गं, सुतळी होती, सुटली. पण तू हात धुऊन मागे लागणार हे मला ठाऊक आहे, म्हणून एकदाच सांगून मोकळी होते.

अंगठा दुखतो. अंगठ्याचं बूड, जिथे तो मनगटाला टेकतो तिथे. गेल्या पावसाळ्यापासून. आधी वेत ओढताना दुखायचा, मग किल्ली फिरवताना, आता बरणीचं झाकण बघितलं तरी दुखतो. डॉक्टरकडे जाऊन आले. मी, स्वतःच्या पायांनी. त्यांनी हाताचा फोटो काढवला, खिडकीपाशी धरून बघितला आणि म्हणाले, थोडीशी झीज आहे, वयाच्या मानाने हाडं छान आहेत, गोळ्या घ्या, आराम करा. तीन महिने गोळ्या घेतल्या. दुखणं होतं तिथेच आहे, वर पोट बिघडलं. हाडं छान आहेत म्हणे! छान असती तर त्यांच्याकडे कशाला गेले असते? हातच्या काकणाला आरसा कशाला, मला दुखतंय ते मला कळतं.

तर मी ठरवलंय. वाचनालयाच्या सोळा खुर्च्या विणायला घेतल्यात, तेवढ्या मार्चअखेर पुऱ्या करते आणि दुकान शेजारच्या किल्लीवाल्याला देते. त्याची जागा इतकी लहान आहे की गिऱ्हाईक आत आलं की त्याला बाहेर यावं लागतं. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. एकेचाळीस वर्षं लोकांच्या बुडाखालची जाळी विणली, पुरे झालं. रडायचं नाही. मी रडलेली नाही.

फोटो सोबत पाठवतेय. माझ्या काही कामाचा नाही, तू दिवसभर असलेच फोटो काढतेस, तुझ्याकडे ठेव.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, उगाच वाढवत बसायला वेळ नाही.

तुझी आत्या

•

ता. २० जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, फोटो पाहिला. मग आमच्या एक्स-रे खोलीतल्या दिव्यावर लावून परत पाहिला.

आत्या, हा तुझा उजवा हात आहे.

कोपऱ्यात उजव्या हाताची खूण आहेच. पण खूण लावणाऱ्याची चूक झाली असं धरलं, तरी करंगळी खोटं बोलत नाही. तुझी डावी करंगळी मधल्या पेरात वाकडी आहे. मी सहा वर्षांची असताना ती मोठी हातवाली खुर्ची तुझ्या हातावर पडली होती. पडली नव्हती, मी ढकलली होती, हे तुला माहीत आहे आणि तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. या फोटोतली करंगळी सुतासारखी सरळ आहे.

आणि तू वेत ओढतेस डाव्या हाताने. उजवा वरून टोक घालतो, डावा बैठकीखाली ते चिमटीत पकडून खेचतो. मी चार वर्षांची होते तेव्हापासून तुझ्या शेजारी बसून वेत अडकवायच्या खुंट्या देत आले, म्हणून तर माझं नाव खुंटी पडलं. झिजला असेल तर डावा झिजेल. मग फोटो उजव्याचा का? कृपा करून खरं लिही.

आणि लगेच डाव्याचा काढून घे. हात नुसता पालथा ठेवून काढला तर अंगठा आडवा पडतो, सांधा नीट दिसत नाही. तळहात बाहेरच्या बाजूला उलटा फिरवायचा, अंगठ्याची पाठ खाली एक्स-रेच्या पाटीवर टेकवायची, असा एक मागून घे. एक बाजूने. आणि एक दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबून, म्हणजे जोर दिल्यावर सांधा जागेवरून हलतो का ते कळेल. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवलंय, तो कागद फोटो काढणाऱ्याच्या हातात दे. तू सांगू नकोस. तू सांगायला लागलीस की भांडण होतं.

तोवर किल्लीवाल्यांना शब्द पक्का करू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझ्या लोभावरच वाढलेली,
खुंटी

•

ता. ३ फेब्रुवारी

चि. खुंटीस अ. आ. वि. वि.

तू मोठी शहाणी. घे, खरं ऐक आणि हस.

डावा अंगठा मी रोज सकाळी बांधायचे. वेताची पातळ पट्टी भिजवून बुडाशी गुंडाळायची, वरून मेणाचा दोरा, आणि गाठ दातांनी ओढून मारायची. तेवढं केलं की दुपारपर्यंत काम होतं. ती गाठ सोडायला पाव तास लागतो, आणि परत बांधायला दुसरा हात लागतो, तो कामात असतो. त्या दिवशी दवाखान्यात माझ्यामागे अकरा माणसं. फोटोवाल्याने विचारलं, कुठला हात? माझा डावा पिशवीखाली बांधलेला. म्हटलं, हा सोडत बसले तर दुकान उघडायला दुपार होईल. दिला मोकळा होता तो पुढे. दोन्ही माझेच आहेत, एकाच वयाचे, एकाला झालं ते दुसऱ्याला झालंच असणार. डॉक्टरांनी उजवा अंगठा दाबून विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, दुखतं. इतका जोरात दाबला तर कुणाचाही दुखेल.

झालं. डॉक्टरांना तीन महिने शिव्या घातल्या आणि चूक माझी. या वेळी गेले तेव्हा दोरा घरूनच सोडून गेले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग म्हणाले, आजी, म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन ऐकलं होतं, इथे पखालीनेच येऊन इंजेक्शन मागून घेतलं. मला आजी म्हणणारं माणूस मला आवडत नाही, पण या वेळी ऐकून घेतलं.

तुझा कागद फोटोवाल्याने दोनदा वाचला. कुणी लिहिलाय म्हणाला. म्हटलं, आमच्या भाचीने. मग त्याने स्टूल ओढून दिलं आणि हात कसा उलटा फिरवायचा ते स्वतः करून दाखवलं. मान मिळाला तुझ्यामुळे, एवढं कबूल करते.

आता फोटो. दोन्ही हात शेजारी शेजारी लावले. उजव्याच्या बुडाशी दोन हाडांमध्ये काळी रेघ आहे, बारीक पण आहे. डाव्यात रेघच नाही. हाडावर हाड बसलंय. कडेला दगडासारखा खडा वाढलाय आणि अंगठ्याचं हाड आपल्या बैठकीवरून थोडं बाहेर सरकलंय. जुन्या खुर्चीचा पाय खाचेत घासून घासून सैल होतो ना, तस्सं. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले, चारातली तिसरी पायरी.

मी म्हटलं, मग कापा. काय ते एकदाच होऊ दे. तर ते म्हणाले, थांबा. मला फोटो बरा करायचा नाही, तुम्हाला बरं करायचंय. त्यांच्याकडे म्हणे असे लोक येतात ज्यांचा फोटो माझ्याहून वाईट आहे आणि ते मजेत कुलुपं उघडतात, आणि असेही येतात ज्यांचा फोटो स्वच्छ आहे आणि शर्टाचं बटण लावताना रडतात. म्हणून फोटो बाजूला ठेवून त्यांनी अंगठा धरून दाबत फिरवला. या वेळी डावा. मी ओरडले नाही, पण त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा पडला. मग बाटली उघडायला लावली, किल्ली धरायला लावली, कुठलं काम अडतं ते विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. अर्धा तास! तेवढ्यात मी निम्मी बैठक विणली असती.

पण पटलं मला. खुर्ची उलटी केली की सांधा दिसतो. कुरकुरते की नाही ते बसल्याशिवाय कळत नाही. दोन्ही करावं लागतं.

त्यांनी अजून एक दाखवलं. बिघडलेल्या सांध्याच्या खालच्या हाडाला पुढे आणखी एक सांधा आहे, तो स्वच्छ आहे. हे फार चांगलं म्हणे. उद्या ऑपरेशन करायची वेळ आलीच तर किती आणि काय कापायचं ते यावर ठरतं. आत्ता मात्र अंगठ्याला आधाराचा पट्टा, हाताचे व्यायाम, लागलं तर एक इंजेक्शन, आणि तीन महिन्यांनी परत बघू.

तीन महिने म्हणजे मे. सोळा खुर्च्या मार्चमध्ये द्यायच्यात. आत्तापर्यंत पाच झाल्यात. दुकानाचं बदलतंय असं किल्लीवाल्याला अजून काही बोलले नाही.

बाकी ठीक. राग मानू नये, मानला तर लवकर सोडावा.

तुझी आत्या

•

ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

राग कसला. हसून हसून पोट दुखलं, आणि मग मला रडू आलं, ते तुला आवडणार नाही म्हणून लवकर आवरलं. मेणाचा दोरा दातांनी! आणि मी इथे दिवसातून चाळीस लोकांना विचारते, कुठला हात, आणि ते देतील तो घेते. तुझं पत्र आल्यापासून मी आणखी एक विचारायला लागलेय: दुखतो तो हाच का, बोटाने दाखवा. काल एकाने पटकन दुसरा हात पुढे केला. त्याचं घड्याळ काढायचं राहिलं होतं म्हणून तो आधी बिनघड्याळाचा हात देत होता. तुझ्या जातीची माणसं जगात खूप आहेत.

एक लिहायचं होतं, तोंडाने कधी बोलले नाही. आईबाबा गेल्यावर मी तुझ्याकडे आले तेव्हा लोक मला जवळ घेऊन रडायचे. तू रडली नाहीस. तू मला एक खुर्ची उलटी करून दिलीस आणि म्हणालीस, वरून सगळ्याच छान दिसतात, खालून बघायला शीक. मी आज तेच काम करते. माणसं खालून बघते. पगार त्याचाच घेते. तुझे आभार मानले तर तू पत्र फाडशील, म्हणून मानत नाही. पण करंगळीबद्दल माफी मागते. सव्वीस वर्षं उशिरा.

पट्टा घाल. घासतो म्हणून काढून ठेवू नकोस. खुर्च्यांना उशीर होईल असं वाचनालयाला आत्ताच कळव. वाचणारी माणसं आहेत, धीर धरतील.

लेकराचा हट्ट म्हणून तरी ऐक.
खुंटी

•

ता. ११ मार्च

चि. खुंटीस अ. आ. वि. वि.

करंगळीचं काढू नकोस. ती खुर्ची मीच तिरकी ठेवली होती. सहा वर्षांच्या पोरीला ती ढकलता आलीच नसती. तू इतकी वर्षं मनात धरून बसलीस, कमाल आहे. विषय संपला.

पट्टा घालतेय. पहिला आठवडा वैऱ्यासारखा वाटला. दोनदा काढून टेबलाखाली फेकला, दोनदा स्वतःच वाकून शोधला. सातव्या आठव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि दार उघडून आत गेल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. उभी राहिले तशीच. मग बाहेर येऊन परत कुलूप लावलं आणि परत उघडलं. किल्लीवाला बघत होता, म्हणाला, कुलूप बिघडलं का? म्हटलं, नाही, सुधारलं.

पण वेत ओढताना मात्र तेच. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, आणि ही मुंगी लंगडी निघाली. मधे चार दिवस इतकं वाईट गेलं की नवव्या खुर्चीची जाळी अर्धी सोडून मी दुकान बंद करून घरी गेले. तेव्हा इंजेक्शन घेतलं. घेताना ब्रह्मांड आठवलं, पण रात्री झोप लागली.

दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत. उंच, गंभीर, प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात. मी म्हटलं, मला एकदाच ऐकू येतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला ऐकू येतं, अंगठ्याला दोनदा सांगावं लागतं. तेव्हापासून आमचं जमलं. त्या एका रविवारी दुकानात आल्या. म्हणाल्या, मला काम बघायचंय, फोटोत काम दिसत नाही. पाऊण तास जमिनीवर बसून खुर्चीखालून माझा डावा हात बघितला. आणि म्हणाल्या, तुम्ही ओढता ते दुखत नाही, चिमटीत धरता ते दुखतं. धरायचं काम दुसऱ्या कशाला तरी द्या.

एकेचाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही! एक जाड लाकडी मूठ घेतली, तिला पुढे जुन्या पक्कडीची तोंडं बसवली. बसवून दिली किल्लीवाल्याने. आता वेत पक्कड धरते, मी मुठीने ओढते, आणि ओढून झाला की भोकात खुंटी मारून ठेवते. अंगठा नुसता मुठीवर बसून असतो, लग्नातल्या मामासारखा. वेळ दीडपट लागतो. लागू दे. सकाळीच काम करते, दुपारी बंद. वाचनालयाच्या बाईंना सांगितलं, एप्रिल उजाडेल. त्या म्हणाल्या, लोक तोवर उभ्याने वाचतील.

किल्लीवाल्याला शेवटी सांगितलं की दुकान देत नाही. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, बरं झालं. त्याला ते नकोच होतं म्हणे, इतक्या मोठ्या जागेत त्याला हरवल्यासारखं होईल. मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणाला होता. आणि मी त्याला वाईट वाटू नये म्हणून दीड महिना गप्प होते. दोघंही म्हातारे, दोघंही मूर्ख.

आता एक लिहिते आणि ते परत लिहायला लावू नकोस. तू ती सुतळी बघून गप्प बसली असतीस तर मी आज घरी बसून भिंत बघत असते. बरं केलंस.

पाठीशी आहेस तशीच असावीस.

तुझी आत्या

•

ता. २२ मे

चि. खुंटीस अ. आ. वि. वि.

सोळा खुर्च्या गेल्या. वाचनालयाच्या बाईंनी एकेकीवर बसून बघितलं, सोळाच्या सोळा.

डॉक्टरांनी परत फोटो काढला नाही. मी हात उलटा फिरवून तयार होते, तर म्हणाले, फोटो तसाच असणार, झिजलेलं परत येत नाही, तो बघून मी नवं काय ठरवणार? त्यांनी बाटली उघडायला दिली. उघडली. चावी धरली. चिमूट दाबायचं त्यांचं एक यंत्र आहे, त्याचा काटा फेब्रुवारीच्या मानाने बराच पुढे गेला, कारण तेव्हा तो हललाच नव्हता. म्हणाले, ऑपरेशनचं आत्ता नाव नको. दुखेल तेव्हा या, फोटो जपून ठेवा, खालचा सांधा स्वच्छ असल्याचा पुरावा त्यात आहे. जपून ठेवलाय. दुकानात खिडकीला लावलाय. गिऱ्हाईक विचारतात हे काय, मी म्हणते, ही माझी खालची बाजू.

सोबत टेम्पोने एक स्टूल पाठवतेय. तू मागे कधीतरी लिहिलं होतंस की तुमच्या खोलीतल्या स्टुलाची रेक्झिनची गादी फाटलीय आणि हात पाटीवर ठेवून बसलेली माणसं घसरतात. याला जाळी घातलीय, घसरणार नाहीत. ज्याला दुखतंय त्याला निदान बसायला तरी नीट मिळावं.

उलटं करून बघू नकोस. वर बसायला आहे, खाली बघायला नाही.

तुझी आत्या

•

ता. ३० मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

स्टूल पोचलं. अर्थात उलटं करून पाहिलं. कुणी वाढवलंय मला?

दिव्याखाली धरलं आणि आमच्या पद्धतीने वाचलं. चार बाजू. पहिल्या बाजूच्या गाठी सैल, दोन तर नख लावलं तर सुटतील अशा. दुसऱ्या बाजूच्या बऱ्या. तिसऱ्या आणि चौथ्या बाजूच्या अशा की कात्रीच हवी. म्हणजे तू हे स्टूल फेब्रुवारीत सुरू केलंस, दुखत होतं तेव्हा, आणि बाजूला ठेवून ठेवून मेमध्ये संपवलंस. पत्रांवर तारखा घातल्या नसत्यास तरी अंगठा कसा बरा होत गेला ते गाठींवरून लिहून दिलं असतं. मी खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, इतका स्पष्ट फोटो मी पाहिला नाही.

आत्या, त्या सैल बाजूवर मी हात ठेवून किती वेळ बसले ते सांगत नाही.

आजपासून त्यावर माणसं बसायला लागली. पहिल्या आजोबांनी बोटाने दाखवून सांगितलं, हाच हात.

तुझीच,
खुंटी

•

ता. ६ जून

चि. खुंटीस अ. आ. वि. वि.

उलटं केलंस. मला माहीत होतं, म्हणून तर नको म्हटलं.

आणि चुकीचं वाचलंस. सैल गाठी माझ्या? तोंड धुऊन ये. ते स्टूल मी मेमध्ये घेतलं, नऊ दिवसांत संपवलं. पहिली बाजू त्या व्यायामवाल्या बाईंनी विणली. त्यांना शिकायचं होतं, आता दर रविवारी येतात. दुसरी बाजू किल्लीवाल्याने, कारण त्याला राहवलं नाही. तिसरी आणि चौथी माझी, पहिल्या गाठीपासून शेवटच्यापर्यंत.

फोटो बघितलास, पण विचारलं नाहीस. तुझ्या मोठ्या डॉक्टरांनाही सांग.

सैल गाठी सोडून परत मारून देऊ का म्हणून बाई विचारतायत. मी म्हटलं, राहू द्या. भाची त्यावर हात ठेवून बसली होती.

या पत्राभोवती सुतळी बांधलीय, ती कात्रीने काप.

तुझी आत्या